53 वा माणूस कोण?

दोन अंकांपूर्वी एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची प्रोफेशनल लीग) ट्रेनिंग कॅम्पबद्दल लिहिताना मी शेवटी म्हटलं होतं की ऑगस्टच्या अखेरीस प्रत्येक टीमचे फायनल 53, म्हणजे सीझनसाठी ठेवलेले खेळाडू, कोण असतील ते आधी ओळखणं मला खऱ्या मॅचइतकंच आवडतं. त्यावर इतके मेल आले की हा अख्खा कॉलम आता त्यालाच द्यायचा ठरवलंय. मी कॅलिफोर्नियात सांता क्लाराच्या जवळच राहते, त्यामुळे माझी उदाहरणं जास्त करून इथल्या फॉर्टी नायनर्स (नुसतं नायनर्सही म्हणतात) टीमची असतील, पण नियम बत्तीसही टीमना तेच आहेत, तेव्हा तुमची टीम कुठलीही असली तरी काही अडणार नाही.

प्रश्न: ताई नमस्कार. मी फ्रीमाँटला असतो. ऑफिसात दरवर्षी एक पूल, म्हणजे अंदाजांची स्पर्धा, होते, प्रत्येकाने नायनर्सचे 53 लिहून द्यायचे. गेली दोन वर्षं मी खालून दुसरा आलो. मी तर चांगलेच प्लेयर निवडतो, मग चुकतं कुठे? सुरुवात कुठून करू?

उत्तर: तुम्ही चांगले प्लेयर निवडता, गडबड तिथेच होतेय. टीम सगळ्यात चांगले 53 ठेवत नाही, टीम 53 जागा भरते, आणि या दोन गोष्टींत खूप फरक आहे.

आधी गणित बघा. कॅम्पमध्ये 90 जण असतात आणि ठेवायचे 53, म्हणजे एका टीममधून 37 जाणार. बत्तीस टीम धरल्या तर 1184 माणसं. पूर्वी हे टप्प्याटप्प्याने व्हायचं, 2023 पासून एकदम एकाच डेडलाइनला होतं, त्यामुळे टीमही शेवटपर्यंत पत्ते उघडत नाही आणि आपल्यालाही शेवटच्या दिवसापर्यंत वाट बघावी लागते.

मी काय करते सांगते. एक मोठा कागद घेऊन त्यावर 53 चौकोन आखते आणि नावं लिहायच्या आधी पोझिशन लिहिते. ढोबळमानाने असं: क्वार्टरबॅक (पास फेकणारे) 3, रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारे) 4 आणि एक फुलबॅक (त्यांची वाट मोकळी करणारा; नायनर्स ठेवतातच, सगळ्या टीम ठेवत नाहीत), वाइड रिसीव्हर (पास पकडणारे) 6, टाइट एंड (पकडतात आणि अडवतातही) 3, ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकपुढे उभे राहून अडवणारे) 9. हे झाले ऑफेन्सचे, म्हणजे हल्ला करणाऱ्या बाजूचे, 26. डिफेन्समध्ये, म्हणजे त्यांना रोखणाऱ्या बाजूला, लाइनवर 9, त्यांच्या मागे लाइनबॅकर 5, मागचे डिफेन्सिव्ह बॅक 10, झाले 24. उरलेले तीन म्हणजे किकर (गोलला बॉल मारणारा), पंटर (लाथेने बॉल दूर पाठवणारा) आणि लाँग स्नॅपर (किकसाठी बॉल मागे फेकणारा). एकूण 53. तुमच्या टीमचे मागच्या तीन वर्षांचे आकडे काढून बघा, कोच तोच असेल तर ते फारसे हलत नाहीत.

मग नावं भरायची. साधारण 40 नावं पेनाने लिहिता येतात, त्यात डोकं लावायची गरजच नसते. सात-आठ पेन्सिलीने. आणि शेवटचे पाच चौकोन मी कोरे सोडते, दोन-तीन आठवडे तसेच. तुमचा पूल त्या पाच चौकोनांत हरला-जिंकला जातो, कारण वरचे 40 तर सगळ्यांचेच बरोबर येतात.

आता खरी गोम. सातवा रिसीव्हर ठेवायचा म्हटलं की तो चौकोन कुठूनतरी काढावा लागतो, समजा दहावा डिफेन्सिव्ह बॅक गेला. म्हणजे त्या सातव्या रिसीव्हरची लढत रिसीव्हरशी नसतेच, ती असते पलीकडच्या मैदानावर प्रॅक्टिस करणाऱ्या एका पोराशी ज्याच्याशी तो कॅम्पभर समोरासमोर खेळलेलाही नसेल कदाचित. पूलमधले बहुतेक लोक प्रत्येक पोझिशनची वेगळी यादी करतात आणि मग बेरीज 56 आली की कुठूनतरी तीन नावं खोडतात. तसं करू नका. एकदा तरी कागद उलटा धरा, म्हणजे 53 व्या माणसापासून वर या, आणि प्रत्येकाला विचारा, हा इथे नसला तर रविवारी नेमकं काय अडेल?

कारण रविवारी 53 जण खेळतही नाहीत. मॅचला ड्रेस करून उतरतात 48, आणि तेही त्यात ऑफेन्सिव्ह लाइनचे किमान आठ असतील तर, नाहीतर 47. म्हणजे शेवटचे पाच-सहा जण मॅचच्या दिवशी साध्या कपड्यात उभे असतात. त्यांना ठेवलंय ते एकतर पुढच्या वर्षासाठी, नाहीतर दुसरी टीम उचलून नेईल या भीतीने.

प्रश्न: माझा भाचा डॅलसला आहे, त्याच्या नादाने मी नाशिकमध्ये बसून प्रीसीझनच्या (सीझनआधीच्या सरावाच्या) मॅच बघायला लागलो. एका पोराने दोन मॅचमध्ये तीन टचडाउन मारले (बॉल शेवटच्या रेषेपार नेला), तरी त्याला काढलं! हा सरळ अन्याय नाही का?

उत्तर: तुमची चिडचिड समजते, मलाही पहिली काही वर्षं असंच वाटायचं. पण त्याने ते टचडाउन कधी मारले ते बघा. चौथ्या, म्हणजे शेवटच्या, क्वार्टरमध्ये मारले असतील तर समोर जे उभे होते त्यातले बरेचसे त्याच दिवशी घरी गेले असणार. 2021 पासून प्रीसीझनच्या मॅच बहुतेक टीमना तीनच मिळतात, पूर्वी चार असायच्या, त्यामुळे प्रत्येक मिनिट कोणासमोर खेळलं याला किंमत आहे. अनुभवी खेळाडू शेवटच्या प्रीसीझन मॅचच्या चौथ्या क्वार्टरला अजून मैदानावर दिसला तर मी त्याच्या नावापुढे बारीक टिंब करते, ते लक्षण चांगलं नसतं. ज्यांची जागा पक्की, ते त्या वेळी टोपी घालून बाजूला गप्पा मारत असतात.

आणि दुसरं, जे टीव्हीवर दिसत नाही, ते म्हणजे स्पेशल टीम्स, किकच्या वेळी उतरणाऱ्या. किकऑफ, किकऑफ रिटर्न, पंट, पंट रिटर्न, फील्ड गोल आणि फील्ड गोल ब्लॉक, अशी सहा युनिट्स असतात, प्रत्येकात अकरा जण. यात स्टार खेळाडू घालत नाहीत, दुखापत व्हायची. मग हे अकरा-अकरा जण कुठून आणायचे? त्याच पाचव्या-सहाव्या रिसीव्हरमधून, चौथ्या-पाचव्या लाइनबॅकरमधून. म्हणून सहावा रिसीव्हर कॅच किती घेतो याच्यापेक्षा तो पंटवर काय करतो हे जास्त महत्त्वाचं.

एकदा मी कॅम्पच्या ओपन प्रॅक्टिसला गेले होते. सगळी गर्दी क्वार्टरबॅककडे, आणि मी मुद्दाम टोकाच्या बाजूला जाऊन बसले जिथे पंटची ड्रिल चालली होती. लाइनच्या अगदी कडेला एक पोरगा एकटा उभा, त्याला गनर म्हणतात, आणि त्याच्या समोर त्याला अडवायला दोघं. बॉल स्नॅप झाला (मागे फेकला) की याने त्या दोघांना चुकवून जवळजवळ 40 यार्ड पळायचं आणि बॉल खाली येतो त्याच क्षणी तिथे पोचायचं, बॉल हवेत असतो जेमतेम साडेचार सेकंद. पहिल्यांदा त्याला साइडलाइनच्या बाहेर ढकललं. दुसऱ्यांदा तो आतून गेला, खांदा खाली घालून, आणि रिटर्न करणाऱ्याच्या पुढ्यात दोन पावलांवर थांबला. कोच काहीच बोलला नाही, फक्त हातातल्या कागदावर खूण केली आणि पुढच्याला बोलावलं. तो पोरगा गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत त्या कागदाकडे बघत होता. कुणी टाळी वाजवली नाही, पण त्याची नोकरी ठरत होती ती तिथेच.

रनिंग बॅक राहीम मोस्टर्ट हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. 2015 मध्ये ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात) कुणी घेतला नाही, मग ईगल्स, डॉल्फिन्स, रेव्हन्स, ब्राउन्स, जेट्स, बेअर्स, सहा टीमनी सोडला. नायनर्सनी 2016 च्या नोव्हेंबरमध्ये घेतला आणि ठेवला तो आधी स्पेशल टीम्ससाठी. जानेवारी 2020 मध्ये पॅकर्सविरुद्ध एनएफसी चॅम्पियनशिपच्या मॅचला (सुपर बोल म्हणजे फायनल, तिच्या आधीची मॅच) त्याच माणसाने 220 यार्ड आणि चार टचडाउन केले. पंटवर धावायला नकार दिला असता तर त्या दिवसापर्यंत तो टीममध्ये राहिलाच नसता.

प्रश्न: क्वार्टरबॅक दोन धरायचे की तीन? दरवर्षी माझं इथेच अडतं.

उत्तर: मैदानावर एका वेळी एकच खेळतो म्हणून तिसरा ठेवणं म्हणजे जागा फुकट घालवणं असं पुष्कळांना वाटतं. बरेच कोच पण तसंच मानतात, तिसऱ्याला प्रॅक्टिस स्क्वॉडवर (53 बाहेरचे, टीमबरोबर सराव करणारे) ठेवतात. मी मात्र एक प्रश्न विचारते, या पोराला सोडलं तर दुसरं कुणी चोवीस तासांत उचलेल का? उचलेल असं वाटलं तर तीन.

2022 चं नायनर्सचं बघा. ट्रे लान्स पहिला ठरलेला. जिमी गरापलोची मार्चमध्ये खांद्याची सर्जरी झालेली, त्याला ट्रेड करणार (दुसऱ्या टीमला देणार) असं सगळे धरून चाललेले. नेट सडफेल्ड हा अनुभवी बॅकअप. आणि ड्राफ्टमधला सगळ्यात शेवटचा, 262 वा खेळाडू ब्रॉक पर्डी. मी कागदावर लान्स आणि सडफेल्ड लिहिले आणि पर्डीला प्रॅक्टिस स्क्वॉडवर टाकला. कटच्या, म्हणजे 53 ठरायच्या, आदल्या दिवशी गरापलोने कमी पैशात राहायचं कबूल केलं, सडफेल्ड गेला, आणि पर्डी 53 मध्ये राहिला. माझे तिघांतले दोन चुकले. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, दुसऱ्याच आठवड्यात लान्सचा घोटा मोडला, डिसेंबरमध्ये गरापलोचा पाय मोडला, आणि पर्डी टीमला एनएफसी चॅम्पियनशिपपर्यंत घेऊन गेला. पुढच्या सीझनला तर सुपर बोलपर्यंत.

मी चुकले कारण मी पर्डी "किती नंबरला निवडला" ते बघत बसले. त्याने प्रीसीझनमध्ये काय दाखवलं आणि ते बाकीच्या एकतीस टीमनीही बघितलंय, हा विचारच केला नाही.

याहून जुनं उदाहरण हवं असेल तर 2000 चे पेट्रियट्स. ब्लेडसो, फ्रीझ, बिशप आणि चौथा टॉम ब्रेडी, ड्राफ्टमधला 199 वा. चार क्वार्टरबॅक! आजही कुणी चार लिहिले तर पूलमध्ये त्याला वेड्यात काढतील. पण त्यांना तो पोरगा हातचा जाऊ द्यायचा नव्हता, आणि त्यासाठी एक चौकोन खर्च केला.

प्रश्न: मी पुण्याची आहे, आयटीत आहे. मला एक लॉजिक कळत नाही. मंगळवारी ज्याला काढलं तोच गुरुवारी परत त्याच टीममध्ये! मग काढलं कशाला?

उत्तर: छान प्रश्न, आणि हे कळलं की अर्धं रोस्टर (टीमची यादी) कळलं.

काढलेल्यांचे दोन प्रकार असतात. ज्याची लीगमध्ये चार सीझन भरलेली नाहीत तो जातो वेव्हरवर, म्हणजे बाकीच्या टीमना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो मागता येतो. दोघातिघांनी मागितला तर मागच्या वर्षी जी टीम खाली होती तिचा नंबर आधी. आणि मागणाऱ्याला तो आपल्या 53 मध्येच ठेवावा लागतो, म्हणजे स्वतःचा एक माणूस काढावा लागतो. कुणीच मागितला नाही तर तो मोकळा, मग जुनी टीम त्याला प्रॅक्टिस स्क्वॉडवर घेते. तिथे 16 जागा असतात, कुणी परदेशी प्रोग्रॅमचा असेल तर 17. म्हणजे खरं तर टीमचा हिशोब 53 चा नसतोच, 69 चा असतो. प्रश्न एवढाच की कुणाला एक रात्र उघड्यावर ठेवायचा धोका घ्यायचा.

दुसरा प्रकार चार किंवा जास्त सीझनवाल्यांचा. त्यांना या काळात वेव्हर लागत नाही, सोडलं की लगेच मोकळे. याचा टीम फायदा घेते. समजा एखादा खेळाडू जखमी आहे पण सीझनमध्ये परत हवाय, तर त्याला मंगळवारी 53 मध्ये ठेवायचं, त्याच्यासाठी जागा करायला एका जुन्या, भरवशाच्या माणसाला सोडायचं, दुसऱ्या दिवशी जखमीला इंजर्ड रिझर्व्हवर (53 बाहेरची जखमींची यादी) टाकायचं आणि जुन्याला परत घ्यायचं. त्याला आधीच सांगितलेलं असतं, दोन दिवस घरी थांब. 2024 पासून कटच्या दिवशीच दोन जखमी खेळाडूंना "हे परत येतील" असं ठरवून बाजूला ठेवता येतं, त्यामुळे ही कसरत थोडी कमी झालीय, बंद नाही.

तेव्हा तुमच्या यादीत एखादा नऊ-दहा वर्षांचा अनुभवी खेळाडू असेल आणि मंगळवारी त्याचं नाव कटच्या यादीत दिसलं तर लगेच हळहळू नका. आणि पूलच्या नियमात पहिला दिवस धरायचा की आठवड्यानंतरचा, ते आधीच विचारून घ्या, मी याच्यावरून चांगल्या मैत्रिणी भांडलेल्या बघितल्यात.

प्रश्न: पैशाचा संबंध किती? म्हणजे महाग खेळाडूला काढत नाहीत असं आहे का?

उत्तर: महाग आहे म्हणून नाही, काढल्यावर पैसे वाचतात का ते बघतात. साइनिंग बोनस खेळाडूला हातात आधी मिळतो पण सॅलरी कॅपच्या (टीमच्या पगारांवरची मर्यादा) हिशोबात तो वर्षांत वाटून लिहितात, जास्तीत जास्त पाच वर्षं. खेळाडू मध्येच काढला तर उरलेला वाटा टीमच्या डोक्यावर राहतो, तो खेळत नसला तरी. ऑगस्टमध्ये काढला तर या वर्षीचा वाटा या वर्षी, बाकीचा पुढच्या वर्षी. म्हणजे तुमच्या पेन्सिलीच्या नावांत दोघं सारखेच वाटत असतील तर कुणाचे गॅरंटीड पैसे जास्त आहेत ते बघा, तो राहतो.

आणि अनुभवी माणूस पहिल्या आठवड्याच्या मॅचला रोस्टरवर असला की त्याचा त्या वर्षीचा पगार जवळजवळ पक्का होतो, म्हणून काहींना पहिली मॅच झाल्यावरच घेतात. कडू आहे पण असं चालतं.

ड्राफ्टमध्ये वरच्या तीन राउंडमध्ये घेतलेल्याला पहिल्या वर्षी काढणं फार क्वचित होतं, ती नावं बिनधास्त पेनाने लिहा. फक्त ट्रेडपासून सांभाळा. ज्या लान्ससाठी नायनर्सनी 2021 मध्ये पहिल्या राउंडचे तीन पिक (निवडीचे हक्क) मोजून तिसऱ्या नंबरवर उडी मारली होती, त्याला ऑगस्ट 2023 मध्ये कटच्या चारच दिवस आधी काउबॉइजना देऊन टाकला, चौथ्या राउंडच्या एका पिकवर.

प्रश्न: जखमी खेळाडू 53 मध्ये मोजायचे की नाही?

उत्तर: कुठल्या यादीवर आहे त्यावर. कॅम्पपासून पीयूपी लिस्टवर (दुखापतीमुळे खेळू न शकणाऱ्यांची यादी) आहे आणि सीझनही तिथेच सुरू करतोय, तर मोजायचा नाही, तो किमान चार मॅच बाहेर. 2024 ला नायनर्सचा लाइनबॅकर ड्रे ग्रीनलॉ तसा होता, सुपर बोलमध्ये मैदानात धावत जाताना त्याचा अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) तुटला होता, तो डिसेंबरमध्ये परत आला. असे दोन खेळाडू असले की दोन चौकोन मोकळे होतात, आणि लोक हे विसरतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात रोज सकाळी आधी जखमींची यादी बघा, मग बाकीचं.

प्रश्न: अगं बाळा, मी 71 वर्षांची. न्यू जर्सीला मुलाकडे आलेय. मुलगा आणि नातू त्या दिवशी टीव्हीपुढे बसून "हा गेला, तो गेला" करत होते. मला बघवेना. एवढी तरणीताठी पोरं, एका दिवसात बाहेर. त्यांचं पुढे होतं काय गं?

उत्तर: काकू, तुमचा मेल मी तीनदा वाचला. एवढ्या सगळ्या मेलमध्ये त्या पोरांबद्दल विचारणाऱ्या तुम्ही एकट्याच.

त्या दिवशी सकाळी टीमचा एक माणूस त्यांना शोधत येतो, लॉकर रूममध्ये नाहीतर जेवणाच्या हॉलमध्ये, आणि सांगतो, कोचने बोलावलंय, प्लेबुक घेऊन ये. हल्ली प्लेबुक म्हणजे टॅबलेट. ते वाक्य ऐकलं की काय ते कळतं. काही कोच पाच मिनिटं बसवून नीट बोलतात, काय कमी पडलं ते सांगतात. मग सामान भरायचं.

पैशाचा फरक केवढा ते सांगते. 2025 च्या सीझनला 53 मध्ये राहिलेल्या अगदी नवख्याला वर्षाला किमान 8,40,000 डॉलर. प्रॅक्टिस स्क्वॉडवर नवख्याला आठवड्याला 13,000, पूर्ण 18 आठवडे टिकला तर 2,34,000. आणि तिथेही नाही घेतलं तर काहीच नाही. एका चौकोनाचा फरक एवढा आहे, म्हणून मी नातवंडांना सांगेन तसं तुमच्या नातवालाही सांगा, नावं खोडताना हसायचं नाही.

पण सगळे संपत नाहीत काकू. जवान जेनिंग्ज म्हणून एक आहे, 2020 मध्ये नायनर्सनी सातव्या राउंडला घेतला आणि सप्टेंबर लागताच सोडला. वेव्हरवर गेला, एकाही टीमने मागितला नाही. मग प्रॅक्टिस स्क्वॉड, मग दुखापत, अख्खं वर्ष एक मॅच नाही. पुढच्या वर्षी परत कॅम्पला आला, ब्लॉकिंग करत राहिला, जे रिसीव्हर लोकांना आवडत नाही ते, आणि 53 मध्ये शिरला. फेब्रुवारी 2024 च्या सुपर बोलमध्ये त्याने एक टचडाउन पास फेकला आणि एक टचडाउन स्वतः पकडला. टीम हरली, पण त्या रात्री तो मैदानावर सगळ्यात चांगला खेळला असं मी आजही म्हणेन.

कर्ट वॉर्नरला 1994 मध्ये पॅकर्सनी कॅम्पमधून काढलं, तो आयोवात सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला शेल्फवर माल लावायचा. 1999 च्या सीझनमध्ये रॅम्सकडून एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) आणि सुपर बोल दोन्ही. आणि तो मोस्टर्ट, ज्याचं वर लिहिलंय, तो ज्या ज्या तारखांना त्याला काढलं त्या सगळ्या तारखा जपून ठेवायचा आणि प्रत्येक मॅचच्या आधी बघायचा.

यांच्यासारखे थोडेच, हे तुमच्यापासून लपवत नाही. बाकीचे कॉलेजची डिग्री पूर्ण करतात, कॅनडाच्या लीगमध्ये जातात, शाळेत कोच होतात. तुमच्या मुलाला सांगा, यंदा प्रत्येकाने 53 व्या चौकोनासाठी एक पोरगा आपला म्हणून धरायचा आणि सीझनभर तो कुठे आहे ते बघायचं. तुम्हीही एक धरा. मग ते बघवत नाही असं वाटायचं नाही, काळजी वाटेल, आणि तीच बरी.

प्रश्न: आपल्याकडचं कुणी कधी 53 मध्ये होतं का?

उत्तर: हो, ब्रँडन चिलार. वडील भारतीय, स्वतः कॅलिफोर्नियात वाढलेला, यूसीएलए कॉलेजचा लाइनबॅकर. आधी रॅम्सकडे, मग पॅकर्सकडे, आणि 2010 च्या सीझनला सुपर बोल जिंकलेल्या पॅकर्सचा भाग. कोचिंगमध्ये संजय लाल आहेत, बरीच वर्षं वेगवेगळ्या टीमचे रिसीव्हर कोच, म्हणजे सहावा रिसीव्हर कोण ठेवायचा या चर्चेत प्रत्यक्ष बसलेला माणूस.

प्रश्न: सांगलीत बसून हे लाइव्ह फॉलो करायचं तर किती वाजता जागायचं? आणि मित्रांमध्ये पूल लावला तर मार्क कसे द्यायचे?

उत्तर: डेडलाइन न्यूयॉर्कच्या वेळेने मंगळवारी दुपारी 4, म्हणजे तुमच्याकडे मंगळवारची रात्र उलटून दीड वाजता. पण बातम्या त्याच्या आदल्या दिवसापासून ठिबकायला लागतात, तेव्हा जागरणाआधीच निम्मी यादी हातात असेल. वेव्हरची मुदत दुसऱ्या दिवशी तिकडे दुपारी 12 ला संपते, तुमच्याकडे बुधवारी रात्री साडेनऊ, जेवून बसलात की होतंय. मी तर म्हणते दीडपर्यंत जागू नका, पण बुधवारचे साडेनऊ चुकवू नका, कारण यादी तिथेच परत हलते.

मार्कांचं म्हणाल तर 53 पैकी किती बरोबर हे मोजण्यात काही मजा नाही, सगळ्यांचे 45 च्या पुढेच येतात. आमच्या ग्रुपमध्ये असं करतो: प्रत्येकाने यादी देताना शेवटच्या सहा नावांखाली रेघ मारायची. रेघेखालचं नाव बरोबर आलं तर 3, रेघेवरचं चुकलं तर वजा 2, आणि ज्याला तुम्ही बाहेर काढला पण ज्याला दुसरी टीम वेव्हरवर मागेल असं आधी लिहून दिलं असेल आणि तसंच झालं, तर 5. हे शेवटचे पाच मार्क आमच्याकडे आतापर्यंत एकदाच कुणाला मिळालेत, एका ताईंना, त्यांनी एका बॅकअप ऑफेन्सिव्ह टॅकलचं (लाइनच्या कडेला उभा राहणारा) नाव लिहिलं होतं. टॅकलची टंचाई सगळीकडे असते, तिथे बघा.